प्यादं एक घर

आमच्या आजोबांच्या पटावर प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नसे. एकच घर, आणि तेही विचार करून. भाताची लावणी उरकली की उमरोळीत आमच्या ओटीवर डाव मांडले जायचे. तिथे येणारी सगळी माणसं याच नियमाने खेळायची आणि त्याला नुसतं बुद्धिबळ म्हणायची. देशी आणि विलायती हा भेद नंतर आला. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी, एकदाही शह बसला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. कुठेही पोचून वजीर मागायची सोय नव्हती. घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं मात्र घोडा होऊन त्याच दमात एक उडी घ्यायचं, आणि ती उडी कुणावर पडणार हे समोरच्याला आधीपासून मोजून ठेवावं लागायचं.

समोरच्याची सगळी मोहरी खाऊन राजा एकटा उरवला तर तो विजय नव्हे. ती बुर्ज, म्हणजे बरोबरी. त्यामुळे जिंकत आलेला माणूस शेवटी शेवटी समोरच्याचं एखादं प्यादं जपून जिवंत ठेवायचा. मातीतही प्रतवारी होती. वजिराने केलेली मात साधी, आणि प्याद्याने केलेली सगळ्यात मानाची. आजोबा प्यादेमातीच्या मागे लागून हातातला डाव घालवायचे आणि त्याचं त्यांना काहीही वाटायचं नाही.

पट मांजरपाटाचा होता, दुहेरी शिवलेला, त्यावर तांबड्या दोऱ्याचे उभे-आडवे टाके. घरं काळी-पांढरी नव्हती, चौसष्टही घरं एकाच मळक्या रंगाची, फक्त काही घरांत दोऱ्याची फुली. आजीने तो पट शिवला होता. मधल्या चार घरांतले टाके दोनदा नवे घातलेले होते, कारण कापड तिथेच झिजायचं. मोहरी लाकडाची, कातलेली, लाखेचा एक संच तांबडा आणि एक हिरवा. हिरव्या संचातला एक उंट हरवला होता आणि त्याच्या जागी सुपारी ठेवायचे. मी खेळायला लागले तेव्हा काळ्या-पांढऱ्या घरांवाचून उंटाची तिरकी वाट डोळ्यांनी धरणं किती कठीण आहे हे मला कळलं. जे आयुष्यभर तसं खेळले त्यांची नजर वेगळीच असणार.

खेळताना त्यांच्या तोंडी सतत एक शब्द असायचा, ‘जोर’. प्याद्याला घोड्याचा जोर आहे, हत्ती निजोर उभा आहे, आधी जोर दे मग पुढे जा. त्यांची सगळी चाल त्या एका शब्दात होती. मागे कुणी उभं असल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि डावाची सुरुवात तर फारच सावकाश. आमच्याकडे पहिल्यांदा दोघांनीही आपापल्या अर्ध्या पटात एकदम चार-चार खेळ्या करून घ्यायची पद्धत होती. आजोबा त्या चार खेळ्यांत बहुधा एकच मांडणी करायचे. घोड्यासमोरचं प्यादं एक घर वर, त्याच्या पोटात उंट, राजासमोरचं प्यादं एक घर, आणि घोडा बाहेर. उंट त्या कोपऱ्यातून अख्ख्या पटावर तिरका बघत बसायचा.

उमरोळी हे पालघर आणि बोईसर यांच्या मधलं आमचं स्टेशन. आता तिथे डहाणू लोकल थांबते. २०१३च्या एप्रिलपासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत आल्या, तोवर आमची शटल. जिल्हाही २०१४च्या १ ऑगस्टला नवा झाला. आजोबांच्या बोलण्यात मात्र ठाणे जिल्हाच राहिला, आणि वर्षं मोजायची त्यांची खूण एकच होती, बेचाळीसचा गोळीबार. १४ ऑगस्ट १९४२ला पालघरला मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे. ही नावं आमच्या घरात मुलांना पाठ असायची. कुठलीही गोष्ट सांगताना आजोबा ती गोळीबाराच्या आधीची की नंतरची हे पहिल्यांदा सांगत. सुलतान खानाची गोष्ट बरीच आधीची.

ती त्यांना सांगितली पालघरला रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गुजराती गृहस्थांनी. ते शेतरंज खेळायचे, मुंबईची वर्तमानपत्रं वाचायचे, आणि सुट्टीच्या दिवशी चालत उमरोळीला यायचे. आजोबांच्या तोंडून ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तिचे शब्दही ठरून गेले होते. पंजाबातला एक गरीब माणूस. आपल्यासारखाच खेळणारा, प्यादं एक घर चालवणारा. एका सरदाराने त्याला विलायतेला नेलं. तिथली थंडी त्याला सोसेना, हिवतापाने तो हैराण, गळ्याला फडकं गुंडाळून पटासमोर बसायचा. विलायती पुस्तकातलं एक पान त्याने वाचलेलं नव्हतं. आणि त्याने जगाच्या राजाला हरवलं. “किल्लेकोट न करता!” हे शेवटचं वाक्य आजोबा मांडीवर थाप मारून म्हणायचे. पुढे ते असंही सांगायचे की सुलतान खानाच्या राजाने भर डावात घोड्याची उडी मारली आणि शेवटी प्यादेमात झाली.

तो डाव मी पुढे स्वतः लावून पाहिला. मिर सुलतान खान, पांढरी मोहरी. होसे राउल कॅपाब्लांका, काळी. हेस्टिंग्ज, १९३०-३१चं नाताळातलं सामनासत्र. कॅपाब्लांका तेव्हा जगज्जेता नव्हता. १९२१ ते १९२७ अशी सहा वर्षं ते पद त्याच्याकडे होतं आणि मग अलेखाइनने ते घेतलं. पण त्याला हरवणं ही तेव्हाही जगभर बातमी व्हायची. सुलतान खान १९२९मध्ये इंग्लंडला गेला तो सर उमर हयात खान यांच्या लवाजम्यातून, आणि त्याच वर्षी रॅम्सगेटला ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३मध्येही. त्या हेस्टिंग्जला मॅक्स यूवे पहिला आला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा.

डावाची सुरुवात बघावी. पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा घोडा बाहेर, मग वजिराचं प्यादं, मग त्याच्या शेजारचं. काळ्याने घोडा काढला, वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर वर घेतलं आणि उंट त्याच्या मागे बसवला. या मांडणीला जग क्वीन्स इंडियन म्हणतं. म्हणजे आमच्या ओटीवरची ती कोपऱ्यातल्या उंटाची मांडणी कॅपाब्लांकाच्या हातून होत होती, आणि समोर बसला होता ती लहानपणापासून खेळलेला माणूस. पाचव्या खेळीला सुलतान खानाने अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे टाकलं, ए३. काही मारलं नाही, कुणाला शह नाही, एकही मोहरं बाहेर आलं नाही. काळ्याच्या उंटाला बी४ या घरात येऊन घोडा बांधून ठेवता येऊ नये, एवढंच त्या खेळीचं काम. पुढे टिग्रान पेट्रोसियनने ती खेळी इतकी वापरली की तिच्यावर त्याचं नाव लागलं, आणि १९८०च्या दशकात कास्पारोव्हने तिचं हत्यार केलं. १९३०च्या डिसेंबरात ती खेळणाऱ्या माणसाला पेट्रोसियनचं नाव माहीत असणं शक्यच नव्हतं. पेट्रोसियन तेव्हा दीड वर्षाचा होता.

बाराव्या-तेराव्या खेळीला सुलतान खानाने घोडा देऊन काळ्याचा उंट घेतला आणि काळ्याची प्यादी मोडकी करून ठेवली. मग एच आणि जी या पट्ट्यांतली प्यादी पुढे सोडली. कॅपाब्लांकाने सी पट्टा धरला, दोन्ही हत्ती तिथे आणले, आणि एकविसाव्या खेळीला हत्ती थेट शेवटच्या रांगेत घुसवून शह दिला. पांढऱ्याचा राजा अजून आपल्या मूळ घरातच होता. किल्लेकोट केलेलाच नव्हता! आजोबांनी सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं. तो राजा एक पाऊल तिरका पुढे सरकला, दुसऱ्या हत्तीचा शह आला, त्यात पांढऱ्याचा वजीर गेला आणि बदल्यात काळ्याचे दोन्ही हत्ती पडले. आता काळ्याकडे वजीर आणि पांढऱ्याकडे दोन हत्ती. कुणालाही वाटेल की कॅपाब्लांकाला हवं तेच झालं.

पण पट बंद होता. प्यादी एकमेकांत अडकलेली, वजिराला पळायला मोकळी जागाच नाही. दोन हत्तींनी एकमेकांना जोर दिला, राजा मधोमध निवांत उभा राहिला, आणि पुढच्या चाळीसेक खेळ्या सुलतान खानाने काळ्याचा एकेक श्वास बंद करत नेला. पासष्टाव्या खेळीला कॅपाब्लांकाने डाव सोडला. मात नव्हतीच, मग प्यादेमात कुठली! राजाने घोड्याची उडीही मारली नव्हती. ती त्या नियमांत चाललीच नसती. ते दोन्ही तपशील वाटेत कुणीतरी घातले. रेल्वेतल्या त्या गृहस्थांनी, नाहीतर आजोबांनी स्वतः. मला त्यात खोटेपणा वाटत नाही. ज्या खेळात या दोन गोष्टी सगळ्यात मोठ्या, त्या खेळातल्या माणसाने आपल्या वीराला त्या दोन्ही देऊन टाकल्या.

सुलतान खान त्या खेळातलाच होता. सरगोध्याकडच्या मिठा तिवाना या गावचा. वडिलांकडून देशी नियमांनी शिकला आणि विलायती नियमांशी त्याची गाठ बरीच उशिरा पडली. ही शरीरात मुरलेली सवय त्याच्या डावांत सगळीकडे दिसते. सुरुवातीला तो मागे पडतो, कारण विलायती नियमांत सुरुवात वेगाची असते आणि ती पाठ केलेल्यांशी त्याची गाठ असते. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात मात्र तो कुणालाही ऐकत नाही, कारण जोर देत देत, एकेक घर चालण्याचं शिक्षण त्याच्याइतकं त्या मंडळींत कुणाचं झालेलं नव्हतं. हे माझं मत आहे आणि त्याचे डाव लावून बघितल्यावर ते पक्कं होत गेलं.

कोपऱ्यातल्या उंटाची ही मांडणी भारताबाहेर गेली कशी, हे समजायला आणखी मागे जावं लागतं, आणि आमच्या मुंबईतूनच. १८१४ साली मुंबईत इंग्रजीत एक पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं. मूळ संस्कृतातले डाव आणि पेच त्यांनी विलायती पद्धतीला जुळवून त्यात दिले होते. त्याही आधी, सतराव्या शतकात, काशीला स्थायिक झालेल्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी आपल्या भगवंतभास्कर या ग्रंथात राजनीती सांगता सांगता बुद्धिबळावर एक प्रकरण घातलं आणि घोडा चौसष्टही घरांत एकदाच कसा फिरवायचा ते श्लोकांत दिलं. म्हणजे आपल्याकडे हा खेळ ओटीवरही होता आणि पोथीतही.

खरा धागा कलकत्त्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, विलायतेतल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. त्यांच्या क्लबातल्या एका सभासदाला आडगावात एक बंगाली ब्राह्मण भेटला, जो कुणाकडून हरायचाच नाही. त्याला विलायती नियम नीट ठाऊक नव्हते. महेशचंद्र बॅनर्जी त्याचं नाव. कॉक्रेनांनी त्याला कलकत्त्याला आणलं आणि पुढली बरीच वर्षं दोघं शेकडो डाव खेळले. कॉक्रेनांनी ते टिपून ठेवले, म्हणून आज ते आहेत. बऱ्याच ठिकाणी महेशचंद्रांचं नावसुद्धा नीट छापलेलं नाही, नुसतं ‘ब्राह्मण’.

या माणसाने समोरच्याच्या प्याद्याला प्यादं आडवं घालायचं सोडून घोडा काढला, घोड्यासमोरचं प्यादं एक घर उचललं आणि उंट कोपऱ्यात बसवला. त्या काळी लंडन-पॅरिसच्या खेळाडूंना हे गबाळेपण वाटायचं. मधली घरं आधी धरा, हा त्यांचा धर्म. १८५५चा एक डाव तर फारच मोलाचा. कॉक्रेन पांढरे, महेशचंद्र काळे. पांढऱ्याचं वजिरी प्यादं दोन घरं, काळ्याचा घोडा. पांढऱ्याचं शेजारचं प्यादं, काळ्याचं जी६. पांढऱ्याचा घोडा, आणि आता काळ्याने वजिरी प्यादं पुढे घालून मधल्या घरांत आव्हान दिलं. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२मध्ये हीच सुरुवात खेळून दाखवली आणि तिला त्याचं नाव मिळालं. महेशचंद्रांचा डाव त्याच्या सदुसष्ट वर्षं आधीचा. तो डाव ते हरले. सतराव्या खेळीला त्यांनी कॉक्रेनांचा उंट मारला, आणि कॉक्रेनांनी घोडा एफ७वर आपटला. मग घोडा आणि वजीर दोघांचा एकदम शह, राजा कोपऱ्यात, वजिराचं बलिदान, आणि आपल्याच हत्ती-प्याद्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. आमच्याकडे अशा मातीला लोक उठून दाद द्यायचे, हरलेला माणूससुद्धा.

१९२०च्या दशकात युरोपात रिचर्ड रेटी आणि नीम्झोविच यांच्यासारख्या मंडळींनी सांगायला सुरुवात केली की मधली घरं प्याद्यांनी व्यापलीच पाहिजेत असं नाही. समोरच्याला ती व्यापू द्या, लांबून उंटाने मारा धरा, आणि प्यादी पुढे आली की त्यांच्या मुळावर घाव घाला. त्याच काळात या सगळ्या मांडण्यांना ‘इंडियन’ हे नाव पक्कं झालं. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. ते नाव ज्याच्या डावांवरून आलं तो महेशचंद्र तोवर युरोपात कुणाच्या लक्षात नव्हता. मला वाटतं, ही मांडणी कुणा एकट्याच्या डोक्यातून निघालेली नाही. प्यादं एकच घर जात असेल तर मधली घरं पटकन धरता येतच नाहीत. उंटाला बाहेर काढायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे घोड्यासमोरचं प्यादं एक घर उचलणं. नियमच तसा, म्हणून हात तसे घडले, आणि हे हात बंगालात होते, पंजाबात होते आणि उमरोळीतही होते.

माझे वडील, अप्पा, विलायती नियम शिकले ते तारापूरला. अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं तेव्हा ते एका कंत्राटदाराकडे हिशेब लिहायला होते. केंद्र १९६९मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. अमेरिकन कंपनीने बांधून दिलेलं, त्यामुळे तिथे अमेरिकन इंजिनिअर होते, शिवाय मद्रासकडचे, केरळचे, बंगालचे लोक. प्रत्येकाच्या घरचं बुद्धिबळ थोडं वेगळं. कुणाकडे राजा उडी मारायचा, कुणाकडे नाही. कुणाकडे राजा-वजिराची प्यादी दोन घरं जायची, बाकीची एकच. दुपारच्या सुट्टीत रोज वाद व्हायचा, म्हणून शेवटी सगळ्यांनी पुस्तकाचे नियम घेतले. इंग्रजी पुस्तक एकच होतं आणि ते हातोहात फिरून त्याची पानं सुटली होती.

अप्पा मुंबईला एका खुल्या स्पर्धेत खेळायला गेले तो डाव आमच्या घरात अजून आहे. जुन्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत लिहिलेला कागद, पेन्सिलीचा, घडीवर फाटलेला. समोर एक कॉलेजातला मुलगा होता, भरपूर वाचलेला. त्याने राजाचं प्यादं दोन घरं टाकलं. अप्पांनी घोड्यासमोरचं प्यादं एक घर उचललं, उंट कोपऱ्यात, वजिरी प्यादं एक घर. त्या मुलाने मिळालेली जागा घेत चार प्यादी एका रांगेत पुढे आणली. कागदावर तिथे अप्पांनी समासात एक टिंब दिलं आहे. मला ठाऊक आहे ते का. त्या क्षणी त्यांना आजोबांचं बोलणं आठवलं, की पुढे धावलेल्या प्याद्याला जोर कोण देणार. दोन खेळ्यांनी त्यांनी बाजूचं प्यादं घालून रांगेच्या मुळावर घाव घातला, रांग मोडली आणि उंटाची तिरकी वाट मोकळी झाली. एक प्यादं वर आलं. मग घड्याळ आडवं आलं. घड्याळ लावून खेळायची सवय नव्हती. शेवटच्या काही खेळ्या कागदावर लिहिलेल्याच नाहीत. सतत शह देऊन त्या मुलाने बरोबरी साधली.

शटलने रात्री घरी आल्यावर आजोबांनी कंदील जवळ ओढून तो डाव मांडायला लावला. आत्या तेव्हा दारात उभी होती, ही हकीकत तिची आहे.

“किल्लेकोट केलास?”

“केला, बाबा.”

“कशाला?”

अप्पांनी सांगितलं, सगळे करतात. आजोबांनी डाव पुन्हा पहिल्यापासून लावला, राजा मधे ठेवून. पहाटेपर्यंत दोघं बसले होते म्हणे. आत्या म्हणते, तिला खेळ आला तो त्या रात्री.

आत्याला कुणी शिकवलं नव्हतं. बायका ओटीवर बसत नसत. दारातून, तांदूळ निवडता निवडता, ती बघायची. आजीने शिवलेल्या पटावर आजी स्वतः कधी खेळली नाही. आत्या खेळायला बसली ती १९७६नंतर, आणि त्याचं कारण मुंबईची एक तेरा वर्षांची मुलगी. खाडिलकरांच्या घरातल्या तीन बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक, पणजोबा नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. देशातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ला बंगळूरला झाली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतरची कितीतरी वर्षं ते पद या बहिणींच्याच घरात राहिलं. आणि १९७६मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तोवर तिथे एकही बाई खेळली नव्हती. त्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की बाईला अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. हेस्टिंग्जला कॅपाब्लांका आणि सुलतान खानाच्या पुढे आलेले ते हेच यूवे. रोहिणी पुढे १९८१मध्ये आशियाई विजेती झाली.

१९७६ची ती बातमी आमच्या घरी मोठ्याने वाचली गेली. आत्या ओटीवर येऊन पटासमोर बसली आणि कुणी काही बोललं नाही. आजोबांनी मोहरी मांडली. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. आत्याने पहिली खेळी केली, प्यादं दोन घरं. आजोबांनी ते उचलून मागे ठेवलं नाही, एवढं मला स्वतःला आठवतं. बाकी डाव आठवत नाही. मला हेही सांगायला आवडतं की त्या वेळेपर्यंत महाराष्ट्राने देशाला पहिला राष्ट्रीय विजेता दिलेला होता. १९५५ला एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं करून दर उन्हाळ्याला गावात देशभरची मुलं आणली. प्रवीण ठिपसे १९९७ला ग्रँडमास्टर झाले, देशातले तिसरे. आणि २०२५च्या २८ जुलैला जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय मुली होत्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवलं आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, देशातली अठ्ठ्याऐंशीवी. आत्याने त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फोन केले. तिला आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तीच बोलत होती.

सुलतान खान १९३३च्या अखेरीस सरदाराबरोबर मायदेशी परतला आणि स्पर्धांतून बाहेरच पडला. शेती केली आणि १९६६ला सरगोध्याला गेला. ग्रँडमास्टर हा किताब जागतिक संघटना द्यायला लागली १९५०मध्ये. त्याला तो मिळाला २०२४च्या फेब्रुवारीत, मरणोत्तर, इस्लामाबादला. मला त्या दिवशी आजोबा हवे होते. महेशचंद्र बॅनर्जींना कुठलाच किताब नाही, आणि ज्या मांडणीला ग्रुनफेल्डचं नाव आहे ती मी मुलांना शिकवते तेव्हा त्यांचं नाव आधी घेते. हे मी हट्टाने करते आणि करत राहणार.

आमची नात बोईसरला शाळेत आहे. फोनवर खेळून तिला सुरुवातीच्या खेळ्या तोंडपाठ आहेत, नावांसकट, आणि ग्रुनफेल्ड तिचा आवडता. मे महिन्यात मी तिला १८५५चा डाव लावून दाखवला. कुणाचा ते सांगितलं नाही. पहिल्या पाच खेळ्यांना ती मान डोलावत होती. सतराव्या खेळीला काळ्याने उंट मारला तसा तिने माझा हात धरला.

“नको, आजी. घोडा बघ ना कुठे येऊन बसलाय.”

“मग काय करशील?”

तिने बराच वेळ घेतला. एकदा घोडा उचलला, परत ठेवला. मग म्हणाली की चूक आधीच झाली आहे, वजीर बाहेर काढला तिथे, आणि तिथून डाव पुन्हा लावायला सांगितला. काळी मोहरी तिने घेतली.